पांझरेचे पाट आणि शहराचें सांडपाणी

एकदां वापरलेलें पाणी वायां गेलें, अशी समजूत आम्हां शहरवासीयांची आहे. खानदेशच्या जुन्या शेतकऱ्याची ती नव्हती. पांझरेवर ठिकठिकाणीं बंधारे घालून पाटानें पाणी नेण्याची फडपद्धति या मुलखांत कित्येक पिढ्या चालत आली. तींत वरच्या गांवच्या शेतांतून झिरपलेलें व सांडव्यावाटे नदींत परतलेलें पाणी खालचा बंधारा पुन्हा अडवी. वरच्याचें उरलेलें तें खालच्याच्या हक्काचें.

इ. स. १८८४ मध्यें मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत लागलेले तरुण एंजिनियर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं आरंभींच्या काळांत धुळ्याजवळ पांझरेच्या एका पाटावर नळाचा सायफन बसविला. पुढें सिंधमध्यें सक्कर येथें गढूळ नदीचें पाणी शुद्ध करण्यासाठीं त्यांनीं खर्चिक गाळणटाक्या न बांधतां पात्रांतच विहीर खणविली. नदीची वाळू हीच गाळणी झाली.

परंतु या गाळणीस मर्यादा आहे. वाळू गढूळपणा अडविते. विरघळलेलें द्रव्य अडवीत नाहीं. शौचकूप व गटारें यांचें पाणी जमिनींत मुरलें, कीं त्यांतील नत्राचें नायट्रेट बनून विहिरींत उतरतें. पाणी दिसावयास अगदीं नितळ! तथापि अशा पाण्यांत कालविलेल्या दुधानें तान्हीं मुलें निळीं पडतात, हें १९४५ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर कॉम्ली यांनीं दाखविलें. म्हणून पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावें, असा भारतीय मानकाचा दंडक आहे.

आतां मौज पाहा. जें तान्ह्या मुलास विष, तेंच केळीस आणि कपाशीस खत. मग दूषित भूजल उपसून शेतास देण्यापूर्वीं त्यांतून काढावयाचें तरी काय? रोगजंतु व कृमींचीं अंडीं, कारखान्यांतून आलेले विषारी धातु, आणि क्षार. मैल्याचा उपाय जुना आहे: १९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट यांनीं हवा खेळविलेल्या गाळांतील सूक्ष्म जीवांकडून मैलापाणी निवळविण्याची रीत सिद्ध केली. मागाहून वाळूची गाळणी व क्लोरीन दिल्यास रोगजंतूंचाहि पुष्कळसा बंदोबस्त होतो. क्षार मात्र या सर्वांतून तसेच निसटतात. ते काढावयाचे तर सूक्ष्म पडद्यांतून दाबानें पाणी पाठवावें लागतें, आणि तें काम खर्चाचें. न काढावे, तर काळ्या जमिनींत सोडियम सांचून मातीचीं छिद्रें बुजतात, पाणी मुरेनासें होतें, आणि चांगलें रान चोपण होऊन बसतें. तेव्हां कारखान्याचें पाणी शहराच्या गटारांत मिसळूंच न देणें हाच स्वस्त मार्ग.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. फडाचें खरें बळ बंधाऱ्याच्या दगडांत नव्हतें. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावें, शेतकऱ्यांनीं नेमलेल्या पाटकऱ्यानें पाळीपाळीनें पाणी द्यावें, या शिस्तींत तें होतें. शुद्धीकरणाचें केंद्र जळगांवीं उभारा कीं धुळ्यास. यंत्रें विकत मिळतील, पाटकरी मिळणार नाहीं. तो आपल्यांतूनच निघाला पाहिजे. रोज पाणी तपासणारा, पाळी चुकूं न देणारा, आणि वरच्यानें घाण सोडूं लागतांच त्याचा हात धरणारा असा माणूस नसेल, तर खालच्या गांवास उरलेलें पाणी मिळेल. पण तें हक्काचें नव्हे, शिक्षेचें असेल.