शनिवारवाड्यातील हाक

वाडा जुना झाला, पडीक झाला, की त्यात भूत आलेच! आपल्या भंडारा जिल्ह्यातही जुन्या वास्तूंच्या अशा कथांना तोटा नाही. तुमसर तालुक्यातील अंबागड किल्ला राजाखान पठाणाने इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा बंदिखाना केला. तेथील कैद्यांना आतल्या विहिरीचे विषारी पाणी पाजून मारीत, असे सांगतात. ऐकताना अंगावर काटा येतो. पण अशा कथेत भीतीबरोबर एक आठवणही जपलेली असते. कोणावर तरी अन्याय झाला, आणि लोक तो विसरायला तयार नाहीत, ही ती आठवण होय.

भगिनींनो, अशा कथांत सर्वांत प्रसिद्ध कथा पुण्याच्या शनिवारवाड्याची. पौर्णिमेच्या रात्री तेथे ‘काका, मला वाचवा!’ अशी हाक ऐकू येते म्हणतात. आपल्याकडे झाडीपट्टीत धान निघाले की नाटके सुरू होतात. पेशवाईतील पात्रे मी पहिल्यांदा अशाच एका नाटकात पाहिली. मध्यरात्री ती हाक ऐकून बायकांनी पदर डोळ्यांना लावलेले मला आठवतात. त्या हाकेमागचा इतिहास मंडळाच्या या अंकात सांगावा, असे मनात होते.

शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनी १७३० साली घातला आणि १७३२ साली वास्तुशांती केली. १७७२ च्या नोव्हेंबरात थोरले माधवराव पेशवे वारले व त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. काका रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, वाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, थकलेल्या पगारासाठी ओरडा करीत गारदी वाड्यात घुसले. सुमेरसिंग हा त्यांचा एक म्होरक्या. नारायणराव धावत काकांच्या महालात गेले व त्यांना मिठी मारून विनवू लागले. चापाजी टिळेकर या सेवकाने त्यांच्या अंगावर आपला देह टाकला. दोघेही मारले गेले. नारायणराव तेव्हा अवघे १८ वर्षांचे होते. त्यांचे शव ज्या दरवाजाने बाहेर नेले, तो पुढे नारायण दरवाजा म्हणून ओळखला जाऊ लागला.

पुढे १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला मोठी आग लागली आणि लाकडी मजले जळून गेले. उरले ते दगडी जोते, तट आणि दरवाजे. म्हणजे ज्या महालात ती हाक उठली, तो महालच आज नाही! तरी लोकांना हाक ऐकू येते. ती ऐकू येते, कारण घरातल्या वडीलधाऱ्याने पोराला वाचवले नाही, हे दुःख प्रत्येक घराला कळते.

आपल्या मुलखाचाही या प्रकरणाशी संबंध आहे. भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १७७२ साली जानोजी भोसले वारले आणि त्यांचे भाऊ साबाजी व मुधोजी यांच्यात तंटा लागला. नारायणराव साबाजींच्या बाजूचे, तर मुधोजींचा ओढा राघोबांकडे. अखेर १७७५ च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या हातून साबाजी मारले गेले. तिकडे पुतण्या गेला, इकडे भाऊ गेला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी पेशव्यांच्या घरातील या प्रकरणावर १९०९ साली लिहिलेल्या नाटकाला ‘भाऊबंदकी’ हे नाव दिले, ते किती नेमके आहे!

आता आपल्या मंडळात ज्याचा विशेष विचार व्हावा, त्या गोष्टीकडे वळते. या कथेत खलनायिका ठरली ती राघोबांची पत्नी आनंदीबाई. राघोबांनी ‘नारायणरावांस धरावे’ असे लिहिले आणि बाईंनी ‘ध’ चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले, असे आपण शाळेपासून ऐकतो. हा वाक्प्रचार आपल्या तोंडी इतका बसला आहे की पुरावा मागायचे कोणाला सुचतच नाही. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात अक्षर बदलल्याची ही हकीकत आहे. म्हणजे घटनेनंतर ५३ वर्षांनी! तो मूळ कागद मात्र आज कोणाला दाखविता येत नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली व राघोबांना दोषी धरून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. मग सर्व दोष बायकोच्या माथी कसा आला? राघोबा १७८३ साली वारले. आनंदीबाईंची पुढची वर्षे नजरकैदेत गेली आणि १७९४ साली त्या वारल्या. त्या निर्दोष होत्या असा निवाडा मी देत नाही. पण ऐकीव गोष्टीवर निवाडा देऊ नये, एवढे तर आपण म्हणू शकतो. खेड्यापाड्यांत आजही एखाद्या एकट्या बाईवर ‘ही करणी करते’ असा बोल लागतो, तो अशाच ऐकीव गोष्टींतून ना?

आणखी एक सांगायचे आहे. त्या दिवशी वाड्यात पेशव्यांसह अकरा माणसे मारली गेली, आणि त्यांत दोन दासी होत्या. त्यांची हाक पौर्णिमेला ऐकू आल्याचे कोणी सांगत नाही. त्यांनीही कोणाला तरी हाक मारलीच असेल. नारायणरावांची पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होती. कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला आणि तोच सवाई माधवराव पेशवा. पेशव्यांची गादी त्या दिवसांत या तरुण विधवेच्या कुशीवर तरली. ती स्वतः मात्र १७७७ साली वारली. तिलाही भूतकथेत जागा मिळाली नाही.

मुलांना भुताच्या गोष्टी आवडतात, त्या सांगू नयेत असे मी म्हणणार नाही. शनिवारवाड्याची गोष्ट जरूर सांगावी. मात्र सांगताना त्या दोन दासींचा आणि चापाजीचाही उल्लेख करावा, आणि आनंदीबाईंचे नाव आले की ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द आधी जोडावेत. आपल्या मंडळातील प्रत्येक भगिनीने घरी एवढे केले, तरी पुष्कळ झाले.