रोगनिवारणाचा संदेश आणि स्त्री : कामठीची छावणी ते गंगा-जमुना

नागपूरलगत कामठी येथे १८२१ साली इंग्रजांची लष्करी छावणी वसली. पुढे १८६४ च्या छावणी कायद्याने अशा छावण्यांतील, आणि १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने निवडक शहरांतील वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी सुरू झाली. रोगी ठरलेल्या स्त्रीस ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये अडकवून ठेवीत, तिच्याकडे येणाऱ्या शिपायाची नोंदणी नसे. या रुग्णालयांच्या वार्षिक अहवालांत स्त्री भेटते ती बहुधा आकड्याच्या रूपाने. पलटणीचे आरोग्य हाच या व्यवस्थेचा हेतू होता. इंग्लंडमधील चळवळीच्या दडपणाने १८६८ चा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. त्यामागची दृष्टी मात्र मावळली नाही.

१९८६ मध्ये एचआयव्हीचा संसर्ग भारतात प्रथम आढळला तो मद्रास येथे, वेश्याव्यवसायातील स्त्रियांत. साहजिकच या स्त्रिया ‘रोगाचे उगमस्थान’ गणल्या गेल्या. वस्तुतः हा रोग त्यांच्याकडे कोणीतरी घेऊन आला होता, याचा विचार प्रारंभी फारसा झाला नाही.

महाराष्ट्रात निराळी वाट पडली ती सांगलीत. मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून तेथील वेश्यावस्तीत काम आरंभिले. संदेश सांगणारी व निरोध वाटणारी स्त्री ही त्याच वस्तीतील असावी, हे या कार्याचे मर्म होय. गिऱ्हाईक निरोधास नकार देते तेव्हा काय करावे, हे सरकारी भित्तिपत्रक शिकवू शकत नाही. शेजारीण शिकवू शकते. एकटीने नकार दिल्यास गिऱ्हाईक पलीकडच्या दारी जाते, सगळ्यांनी मिळून दिल्यास त्याला जागा उरत नाही. आरोग्याचा प्रश्न असा संघटनेचा झाला, आणि १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली.

विवाहित स्त्रीची गोष्ट अधिक बिकट होती. ‘जोडीदाराशी एकनिष्ठ रहा’ हा उपदेश तिला करण्यात अर्थ नव्हता, कारण ती एकनिष्ठच होती. तिचा धोका नवऱ्याच्या वर्तनात होता आणि निरोधाची मागणी हा घरात संशयाचा उच्चार ठरे. तिच्यासाठी वस्ती नव्हती, संघटनाही नव्हती. अनेकींना संसर्गाची वार्ता गरोदरपणातील तपासणीत, नवऱ्याच्या आधी, कळली आणि सासरी दोषही तिच्याच माथी आला. राष्ट्रीय अंदाजांनुसार देशातील बाधितांत स्त्रियांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. ही संख्या केवळ वेश्यावस्त्यांच्या आधारे उलगडता येत नाही.

नागपुरात ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी गंगा-जमुना ही जुनी वस्ती बंद केली, आणि तेथील स्त्रिया विरोधासाठी रस्त्यावर आल्या. कारवाईची कारणे कायदा व सुव्यवस्थेची होती. तथापि निवारणकार्याच्या दृष्टीने तिचा परिणाम निराळाच ठरतो. वस्ती एका जागी असते तोवर कार्यकर्तीला कोणत्या दारी जावयाचे ते ठाऊक असते. तीच स्त्री शहरभर भाड्याच्या खोल्यांत पांगली की तिचा पत्ता गिऱ्हाइकाजवळ असतो, निरोध घेऊन येणाऱ्या शेजारणीजवळ नसतो.