दंडावरचे दाणे आणि करडईचं तेल

दंडावर, मांडीवर बारीक, टोचरे दाणे येतात. हात फिरवला की किसणीसारखं लागतं. लग्नाच्या वयात आमच्यातल्या कितीजणींनी त्यापायी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवले, वज्रीने कातडी लाल होईस्तोवर घासली! आमच्या आज्या मात्र घासत नव्हत्या. त्या तेल लावायच्या, आणि ते तेल करडईचं असायचं.

उजनी होण्याआधी भीमेकाठी रब्बी ज्वारी, आणि ज्वारीच्या कडेने करडई. काटेरी असल्यानं गुरं आत शिरत नसत. कोवळ्या पानांची भाजी व्हायची, बियांचं तेल घाण्यावरून यायचं. तेच फोडणीला, तेच अंगाला.

1933 साली निकोल्स नावाच्या डॉक्टरांनी आफ्रिकेतल्या मजुरांच्या अंगावरच्या अशा दाण्यांना 'फ्रायनोडर्मा', म्हणजे बेडकाची कातडी, असं नाव दिलं आणि त्याचं मूळ निकस आहारात शोधलं. त्याच साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. पुढे भारतातच अभ्यास झाले. करडईच्या तेलातली स्निग्धाम्लं आणि ब जीवनसत्त्व मिळालं की असे दाणे ओसरतात, असं दिसलं. तेल पोटात गेलं तर, बरं का!

1980 साली धरण पूर्ण झालं. इंदापूरकडचं जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचं देऊळ अजून दिसतं. काठावर ऊस आला. उसानं पैसा दिला, ते आम्ही नाकारत नाही. पण करडई हटली. सोलापूरच्या केंद्रानं काढलेल्या करडईच्या एका वाणाचं नाव 'भीमा', आणि भीमेच्याच पाण्यानं तिला शेतातून उठवलं! घरात पिशवीतलं तेल आलं.

आता आंघोळीचं. दंडावरचे दाणे बहुतेक वेळा आईवडिलांकडून येतात. ते लागट नाहीत, धोक्याचे नाहीत. पुरते जात नाहीत, पण मऊ पडतात. कढत पाणी नको. वज्री टाचांपुरतीच. अंग टिपून, ओलसर असतानाच तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. औषधाच्या दुकानात युरियाचं मलम मिळतं, तेही चालतं. उसाला टाकतो तो युरिया नव्हे! हसू नका, विचारणाऱ्या भेटल्यात. फरक दिसायला महिना-दोन महिने जातात.

लहान लेकराच्या कोपरावर, गुडघ्यावर असे दाणे दिसले, तर मलमाआधी त्याचं ताट बघा आणि आरोग्य केंद्रात दाखवा. संध्याकाळी ते चाचपडत असेल, तर उद्यावर ढकलू नका.