स्प्रिंगफील्ड टेलिस्कोप मेकर्स
स्प्रिंगफील्ड टेलिस्कोप मेकर्स : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्हर्माँट राज्यात, स्प्रिंगफील्ड या लहानशा औद्योगिक गावी १९२३ मध्ये स्थापन झालेली हौशी ज्योतिर्विदांची संस्था. आकाशनिरीक्षणाला लागणारा दूरदर्शक विकत न घेता स्वतःच्या हातांनी घडवावयाचा, हा या संस्थेचा मूळ दंडक होय.

स्वतः आरसे घासणारे निरीक्षक पूर्वीही होऊन गेले. न्यूटन यांनी आपला परावर्तक दूरदर्शक स्वतःच तयार केला होता, तर व्यवसायाने संगीतकार असलेल्या विल्यम हर्शेल यांनी घरी घडविलेल्या दूरदर्शकातून १७८१ मध्ये युरेनसचा शोध लावला. परंतु हे एकेकट्याचे उद्योग होते. सामान्य मिळकतीच्या कामगारांनी एकत्र बसून, एकमेकांस शिकवीत हे काम करावे, ही कल्पना स्प्रिंगफील्ड येथे प्रथम भक्कमपणे रुजली. त्यास गावाचे स्वरूपही कारणीभूत होते. स्प्रिंगफील्ड हे यांत्रिक हत्यारांच्या कारखान्यांचे गाव असल्यामुळे सूक्ष्म मापनाची सवय तेथील कारागिरांच्या अंगवळणी पडलेली होती. ‘जोन्स अँड लॅम्सन’ कारखान्याचे प्रमुख जेम्स हार्टनेस (१८६१–१९३४) हे स्वतः आकाशनिरीक्षक होते. व्हर्माँटच्या कडाक्याच्या थंडीत निरीक्षकास उबदार खोलीत बसता यावे म्हणून त्यांनी बुरुजासारखी रचना असलेला सु. २५ सेंमी. व्यासाचा दूरदर्शक १९१० च्या सुमारास उभारला होता. पुढे ते राज्याचे गव्हर्नरही झाले (१९२१–२३).

संस्थेचा खरा प्रवर्तक मात्र रसेल विल्यम्स पोर्टर (१८७१–१९४९). स्प्रिंगफील्डमध्ये जन्मलेल्या पोर्टर यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले, आर्क्टिक प्रदेशातील अनेक सफरींत भाग घेतला आणि नंतर मेन राज्यातील समुद्रकाठी राहून आरसे घासण्याची कला आत्मसात केली. हार्टनेस यांच्या निमंत्रणावरून १९१९ मध्ये ते गावी परतले. मळसूत्राचे आटे पडद्यावर मोठे करून तपासण्याचे प्रकाशीय उपकरण विकसित करण्यात दोघांचा वाटा आहे. १९२० मध्ये पोर्टर यांनी दूरदर्शक बनविण्याचा वर्ग सुरू केला. त्यात पंधरा पुरुष व एक स्त्री असे विद्यार्थी होते आणि त्यांतील बहुतेक कारखान्यातीलच होते.

या वर्गात शिकविली जाणारी कृती दिसावयास साधी आहे. काचेच्या दोन जाड चकत्या एकमेकींवर ठेवून, मध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालून घासल्या असता वरची चकती आपोआप अंतर्गोल व खालची बहिर्गोल होत जाते. क्रमाक्रमाने बारीक पूड वापरून, शेवटी डांबरासारख्या राळेच्या थरावर लोह ऑक्साइडाच्या तांबड्या भुकटीने झिलई देतात. १५ सेंमी. व्यासाच्या व १२० सेंमी. केंद्रांतराच्या आरशाचा मध्य कडेपेक्षा सु. १·२ मिमी. एवढाच खोल असतो. खरी कसोटी यानंतर लागते. गोलीय पृष्ठाचे अन्वस्तीय पृष्ठ करावयाचे असते आणि मध्यभागी जुळविलेल्या या दोन पृष्ठांत कडेशी पडणारा फरक मिलिमीटरच्या सु. तीन दशसहस्रांश इतका अल्प असतो. तो मोजण्यास कारखान्यातील हत्यारे अपुरी पडतात. पण दिव्यासमोरचे एक बारीक छिद्र आणि दाढी करावयाचे पाते एवढ्या साधनांवर तो डोळ्यांना दिसतो. फूको यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शोधलेली ही छायापरीक्षा होय. तीत आरशावरील दोष उंचवटे व खळगे यांसारखे उमटतात. अशा रीतीने, प्रयोगशाळेची मानली जाणारी अचूकता घरातील तळघरात आली. पोर्टर यांच्या कार्याचे मर्म येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यांची वाखाणली गेलेली कल्पक यंत्ररचना ही त्यामानाने दुय्यम ठरते.

गावाजवळच्या ब्रीझी हिल या टेकडीवर सदस्यांनी अंगमेहनतीने मंडळाचे घर बांधले व त्यास ‘स्टेलाफेन’ म्हणजे ताऱ्यांचे देवालय असे नाव दिले. (त्याचा गुलाबी रंग परक्या पाहुण्यास काहीसा चमत्कारिक वाटतो.) १९२५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाचे एक संपादक ॲल्बर्ट इंगल्स यांनी तेथे भेट दिली. त्यांच्या लेखांमुळे व १९२६ मध्ये निघालेल्या ‘ॲमॅच्युअर टेलिस्कोप मेकिंग’ या ग्रंथामुळे ही कला देशभर पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात प्रकाशीय लोलकांची टंचाई भासली, तेव्हा अशा हौशी कारागिरांनी सैन्यासाठी हजारो लोलक घरी घासून दिले. पोर्टर स्वतः १९२८ मध्ये कॅलिफोर्नियास गेले आणि पॅलोमार येथील ५०८ सेंमी. व्यासाच्या दूरदर्शकाच्या आराखड्यात त्यांनी भाग घेतला; त्यांनी काढलेली यंत्राची छेदचित्रे विशेष प्रसिद्ध आहेत.

हाताने आरसा घासण्याची हीच पद्धत पुढे इतर देशांतही रूढ झाली. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी निरीक्षकांची संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली होती. त्याच शहरातील आयुका या संशोधनसंस्थेने नंतरच्या काळात दूरदर्शक निर्मितीची शिबिरे घेतली, तीही याच कृतीवर आधारलेली होती.

या मंडळाने ज्योतिषशास्त्रात नवे काय शोधले, असा आक्षेप घेता येतो. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना १९११ पासून पद्धतशीर नोंदी जमवीत होती. तशी शिस्तबद्ध निरीक्षणे स्प्रिंगफील्डच्या नावावर फारशी नाहीत आणि उपकरणाच्या नादात आकाश मागे पडते, ही टीका सर्वस्वी निराधार नाही. तथापि निरीक्षणाची हौस साधनाअभावी विझून जाते, हेही खरे. परावर्तक दूरदर्शक कामगाराच्या आवाक्यात आल्यानेच शनीची कडी वा मृगातील अभ्रिका स्वतःच्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांचा वर्ग वाढला.

स्टेलाफेन येथे १९२६ पासून दूरदर्शककारांचे संमेलन भरू लागले. महायुद्धाच्या काळात त्यात खंड पडला. या स्थळास १९८९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. संमेलन उन्हाळ्यात, शक्यतो अमावास्येच्या आसपास भरते. दिवसा घरी केलेल्या दूरदर्शकांची यांत्रिक रचनेसाठी पारख होते व अंधार पडल्यावर आरशांची परीक्षा खऱ्या ताऱ्यांवर घेतात. टेकडीवर त्या वेळी पांढऱ्या दिव्यांना मज्जाव असतो. मंद तांबड्या उजेडात माणसे एका दूरदर्शकाकडून दुसऱ्याकडे जातात, रांगेत उभी राहतात आणि तो घडविणाऱ्याच्या परवानगीने नेत्रभिंगाला डोळा लावतात.