शेवटचा पगार

शाळेत असताना इतिहासाच्या परीक्षेसाठी मी एक सनावळी पाठ केली होती. तिच्यात ‘इ. स. ४७६ : पश्चिम रोमन साम्राज्याचा अंत’ अशी एक ओळ होती. त्या ओळीने माझ्या मनात बरीच वर्षे एक चित्र घट्ट बसवले होते : जळणारे शहर, पळणारी माणसे, कोसळणारे खांब. पुढे ग्रीक-रोमन जगाचा उत्तरकाळ वाचू लागलो, तेव्हा ते चित्र पुसावे लागले.

त्या वर्षी रोम जळले नाही. ओडोअकर या सेनानीच्या सैनिकांनी चाकरीचा मोबदला म्हणून इटलीत जमिनी मागितल्या. बालसम्राटाचा बाप ओरेस्टिस याने त्या नाकारल्या. ऑगस्टअखेर ओरेस्टिस मारला गेला आणि आठवड्याभरात त्याचा मुलगा रोम्युलस ऑगस्टुलस पदच्युत झाला. या घटनेने पश्चिमेचे साम्राज्य संपले, असे स्पष्ट विधान आपल्याला प्रथम आढळते ते मार्सेलिनस या वृत्तकाराकडे. तेही कॉन्स्टँटिनोपलमध्ये बसून, चाळीसेक वर्षांनी लिहिलेले.

मग ज्यांच्या डोक्यावरचे छत्र गेले, त्यांना ते कसे कळले? याचे उत्तर मला एका संतचरित्रात सापडले. सेव्हेरिनस हा संत डॅन्यूबकाठच्या नॉरिकम प्रांतात, म्हणजे साधारण आजच्या ऑस्ट्रियात, राहत असे. ४८२ मध्ये तो वारला. त्याच्या मठपरंपरेतील युजिपियस याने ५११ मध्ये त्याचे चरित्र लॅटिनमध्ये लिहिले.

त्यात एक प्रसंग आहे. साम्राज्य उभे होते तेव्हा सीमेवरच्या गावांतले शिपाई सरकारी पगारावर पोसले जात. तो बंद पडला तशा पलटणी विरत गेल्या आणि त्यांच्याबरोबर सीमाही. बटाविस, म्हणजे आजच्या जर्मनीतील पासाऊ, येथली पलटण मात्र तग धरून होती. तिच्यातले काही जण सोबत्यांचा शेवटचा पगार आणायला इटलीकडे निघाले. वाटेत टोळीवाल्यांनी त्यांना कापून काढले. मागे कोणाला पत्ताच नाही. एके दिवशी सेव्हेरिनस आपल्या खोलीत वाचत बसला होता. त्याने एकाएकी पुस्तक मिटले, तो रडू लागला आणि जवळच्यांना म्हणाला, नदीकडे धावा. तेवढ्यात वर्दी आली, की शिपायांची प्रेते नदीतून वाहत आली आहेत.

चरित्रकाराला सांगायचा आहे तो चमत्कार. असे ग्रंथ इतिहासाचे साधन म्हणून किती जपून वाचावे लागतात, हे संतचरित्रांवर वाढलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको. पण पगाराची हकिगत युजिपियसने केवळ ओघात दिली आहे. ती रचून त्याच्या गुरूचे माहात्म्य काही वाढत नव्हते. म्हणून मला ती भरवशाची वाटते.

४८८ मध्ये ओडोअकरच्या हुकमाने नॉरिकममधील रोमन लोकांना इटलीत हलवण्यात आले. शिष्यांनी गुरूचा देह बरोबर नेला. तो अखेर विसावला नेपल्सजवळच्या लुकुलानम या गढीत. युजिपियसचा मठही तिथेच होता. आणि पदच्युत रोम्युलसची रवानगी झाली होती तीही लुकुलानमलाच! पोराचे कोवळे वय पाहून ओडोअकरने त्याचा जीव घेतला नाही. उलट वर्षाला ६,००० सॉलिडसचा तनखा बांधून दिला. एका रोमन रत्तल सोन्यातून असे ७२ सॉलिडस पाडत. म्हणजे हे झाले सुमारे २७ किलो सोने.

गादी गमावलेल्याची सोय झाली. गादीची सीमा राखणारे मात्र आपल्या हक्काच्या पैशांसाठी निघाले आणि नदीतून परत आले. त्यांची नावे युजिपियसनेही दिलेली नाहीत.

सनावळीतली ती ओळ खोटी नाही. ती राजवाड्यातून पाहून लिहिलेली आहे, इतकेच. आता कोणत्याही राज्याचा अंत वाचताना मी शेवटच्या राजाचे नाव नंतर पाहतो. आधी शोधतो, शिपायाचा पगार कधी थांबला.