दुखवटा

दुखवटा : मृत्यू झालेल्या घरी पाळला जाणारा शोक आणि त्या काळात आप्तेष्ट-शेजाऱ्यांकडून मिळणारी अन्न, वस्त्र वा पैशाची मदत.

सुतकात [→ सूतक] घरची चूल न पेटवण्याच्या रूढीशी ही मदत जोडलेली आहे. नाशिक परिसरात अंत्यविधीनंतर भाऊबंद किंवा शेजारी पिठले-भाकरी आणतात. हा ‘कडू घास’. शहरात दशक्रिया बहुधा गोदाकाठी रामकुंडावर [→ रामकुंड] होते. पिंडाला कावळा शिवला, की सोयरे करत्याला टोपी-उपरणे आणि विधवेला साडी देतात. काही कुटुंबांत कपड्यांऐवजी रोख रक्कम दिली जाते. पुढे देणाऱ्यांच्या घरी असा प्रसंग आल्यास परतफेड अपेक्षित असते, म्हणून याला निव्वळ दान म्हणता येत नाही [→ आहेर].

नात्याबाहेरची मदत संस्था आणि शासन करतात. नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये स्थापलेल्या नाम फाउंडेशनने आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या विधवांना प्रत्येकी १५,००० रुपये दिले. २३ जानेवारी २००६ च्या शासननिर्णयाने अशा पात्र कुटुंबास १ लाख रुपये ठरवले : ३०,००० हाती, ७०,००० संयुक्त खात्यात.