शस्त्रविक्रेत्याचे दुकान आणि पत्त्याचा वाद

किराणा किंवा कापडाचे दुकान एका पेठेतून दुसऱ्या पेठेत न्यायचे तर मालकाला फार तर काही सरकारी नोंदी बदलून घ्याव्या लागतात. बंदुका व काडतुसे विकणाऱ्या दुकानाचे तसे नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रविक्रीस परवाना लागतो आणि त्यात विक्रेत्याच्या नावाबरोबर धंद्याची जागाही नमूद असते. या अधिनियमाखालील १९६२ चे नियम जाऊन २०१६ चे आले, तरी व्यक्ती आणि जागा यांची ही सांगड सुटलेली नाही.

भाड्याच्या जागेत दुकान असेल तर पेच लवकर उभा राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ खाली घरमालकाला स्वतःच्या खऱ्याखुऱ्या गरजेसाठी जागा परत मागता येते. तसा हुकूमनामा झाला की विक्रेत्याला जुनी जागा सोडावीच लागते. नव्या जागेत मात्र परवानगीवाचून एक काडतूसही विकता येत नाही. विकलेच, तर तो केवळ अटींचा भंग की विनापरवाना विक्री, यावर सारे अवलंबून राहते. अटीचा भंग ठरल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड, किंवा दोन्ही; विनापरवाना विक्री ठरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली किमान सात वर्षे ते जन्मठेप. एकाच कृतीच्या दोन अर्थांत एवढे अंतर क्वचितच आढळते.

परवानगी मागितल्यावर ती नाकारली गेली, की खरा कायदेशीर गुंता सुरू होतो. पत्ता बदलण्याची मागणी म्हणजे नव्या परवान्याचा अर्ज मानायचा, की असलेल्या परवान्याच्या अटींत बदल मागणारा अर्ज? पहिला अर्थ घेतला तर पोलिसांचा अहवाल मागवणे (कलम १३), नकाराची कारणे लेखी नोंदवणे (कलम १४) आणि अपिलाची संधी (कलम १८) हे सारे ओघाने येते. दुसरा अर्थ घेतला तर अर्ज कलम १७ च्या पोटकलम २ खाली जातो. तेथे प्राधिकारी अटी बदलू ‘शकतो’, एवढेच म्हटले आहे. नकाराची कारणे देण्याची सक्ती त्यात नाही. कलम १८ देखील शब्दशः वाचावे तर परवाना नाकारणे, अटी बदलणे आणि परवाना निलंबित वा रद्द करणे यांविरुद्धच अपील देते. अटी बदलण्यास दिलेला नकार त्यात नाही! कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून ही फट निसटली असावी.

मग राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका हा मार्ग उरतो. व्यवसायस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हे अनुच्छेद १९ मध्येच आहे; शस्त्रांच्या धंद्यात ते कडक असणार हेही उघड आहे. शेजारी शाळा असणे, वस्ती दाट असणे, गल्ली अरुंद असणे हे आक्षेप गैरलागू म्हणता येत नाहीत. मात्र नुसते ‘सार्वजनिक सुरक्षिततेस्तव’ असे लिहून अर्ज फेटाळायचा आणि न्यायालयात प्रतिज्ञापत्र करताना शाळा आठवायची, हे चालत नाही. आदेशाची वैधता त्यात नमूद कारणांवरूनच पाहिली जाईल, नंतर नवी कारणे जोडता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदरसिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त या खटल्यात १९७७ मध्येच ठरवले आहे.

या वादात ग्राहकही ओढले जातात. परवान्याची मुदत संपलेल्याने आपले हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, अशी कलम २१ ची तरतूद आहे. म्हणजे दुकानाच्या कपाटात विक्रीच्या मालाशेजारी इतरांची हत्यारेही ठेवलेली असू शकतात. ताबा घ्यायला आलेल्या बेलिफाला हा साठा फर्निचरसारखा रस्त्यावर मांडता येत नाही, आणि नव्या पत्त्याची परवानगी हाती नसलेल्या विक्रेत्याला तो स्वतःच्या निर्णयाने नव्या दुकानातही नेता येत नाही.